झाळलेल्या स्टॉप आर्मवर काही महिने: फ्रेंच हॉर्नचा वापरानंतरचा अनुभव

माझा डबल फ्रेंच हॉर्न म्हणजे एफ आणि बी फ्लॅट अशा नळ्यांच्या दोन बाजू असलेलं पितळी वाद्य. बाजू बदलणाऱ्या अंगठ्याच्या व्हॉल्व्हचा स्टॉप आर्म, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारी छोटी पितळी पट्टी, मानेपाशी तुटला होता. नवा न बसवता तोच चांदीच्या सोल्डरने झाळून घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. रोजचा सराव, लांबलेल्या तालमी, कार्यक्रम, सगळं याच हॉर्नवर चाललंय. जोडावा की बदलावा या पेचात जे असतील त्यांना माझं मत आधीच सांगतो: तुकडे हातात असतील तर जोडा. पण जोडल्यावर रोटर (व्हॉल्व्हच्या आतला फिरणारा, हवेची वाट बदलणारा भाग) नेमका कुठे थांबतो हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असं समजू नका.

कळ दाबली की दोरी ओढली जाते, दोरी आर्मला फिरवते आणि आर्म रोटरला. रोटर 90 अंशांत फिरून थांबायला हवा, आणि त्याला थांबवतात ते आर्मच्या दोन बाजूंचे बंपर, म्हणजे रबरासारखे मऊ तुकडे. म्हणजे दर सुराला आर्म दणका खातो. 1835 साली व्हिएन्नात योझेफ रीडलने रोटरी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. त्यातून हा व्हॉल्व्ह अंगठ्याचा. एफ बाजू असो वा बी फ्लॅट, हवा याच्यातूनच जाते, त्यामुळे इथली चूक सगळ्या सुरांत ऐकू येते.

झाळकामाबद्दल दोन गोष्टी. कथलाचं साधं सोल्डर 200 अंशांच्या आसपास वितळतं, पण असे दणके सोसणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. चांदीच्या सोल्डरला 600 अंशांच्या वर तापमान लागतं आणि जोड खरोखर मजबूत होतो. मात्र तेवढं तापलेलं पितळ मऊ पडतं. माझ्या कारागिराने जोड थंड झाल्यावर आर्म हलक्या ठोक्यांनी पुन्हा कडक केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आर्मवरचं लॅकर (चमकदार पातळ लेप) जळून रंग काळपट झाला, तो तसाच आहे. आवाजाला त्याने काही होत नाही.

नवा आर्म का नको? जुन्या हॉर्नमध्ये आर्मचं भोक त्याच रोटरच्या दांड्यावर हाताने बसवलेलं असतं. दुसरा आर्म केसभर जरी सैल बसला, तरी कळ हलते आणि रोटर मागे राहतो.

आता महिन्यांच्या वापराचं. जोड जसाच्या तसा आहे, भिंगाखालीही चीर दिसत नाही. त्रास दिला तो बंपरने. निओप्रीनचे नवे बंपर सुरुवातीच्या काळात दबले आणि बी फ्लॅट बाजूचे मधले सूर कोंदट येऊ लागले. व्हॉल्व्हच्या मागची टोपी काढली की खूण दिसते: आतल्या प्लेटवर दोन खाचा, रोटरच्या टोकावर एक रेघ. कळ सोडलेली असताना रेघ एका खाचेला भिडते, दाबल्यावर दुसऱ्या. माझी रेघ दाबलेल्या बाजूला खाच ओलांडून पुढे जात होती. त्या बाजूचा बंपर बदलला, थोडा जाडच घातला आणि रेघ खाचेवर येईपर्यंत ब्लेडने पापुद्रा पापुद्रा तासला. लगेच सूर मोकळे झाले. इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं, खूप आनंद झाला.

दोरीही पहिल्यांदा ताणली जाते, मग अंगठ्याची कळ इतर कळांपेक्षा खाली बसते. आर्मवरचा छोटा स्क्रू सैल करून कळ हव्या उंचीला धरायची आणि स्क्रू आवळायचा, इतकंच.

रोटर बाहेर काढायची वेळ आली तर मधला स्क्रू काही वेढे सैल करून त्याच्या डोक्यावर कातडी हातोडीने हळूच ठोकायचं. पलीकडची प्लेट आपोआप सुटते. उघड्या दांड्यावर कधीही मारू नका, टोक पसरलं की आर्म परत बसत नाही. तेलं दोन ठेवा: रोटरला पातळ, टोपीखाली आणि आर्मखाली जरा घट्ट. घट्ट तेल नियमित घालायला लागल्यापासून व्हॉल्व्हची खडखड जवळपास थांबली आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला दुसऱ्या बाजूचा बंपरही बदलून घेणार आहे. आर्मला मात्र हात लावायचं काही कारण दिसत नाही.