मुलांसाठी बायबल इतिहासाचा ऑनलाइन कोर्स: पूर्ण करून झाल्यावरचा रिव्ह्यू (५ पैकी ३ स्टार)

मुलगी ११ ची आणि मुलगा ८ चा, दोघांना घेऊन पहिल्या व्हिडिओपासून शेवटच्या क्विझपर्यंत अख्खा कोर्स केला, म्हणून लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही. कोणाची बदनामी करायची नाहीये आणि तसंही या प्रकारचे कोर्स बरेच मिळतात, साचा साधारण एकच असतो, व्हिडिओ, वर्कबुक, भिंतीवर लावायची लांबलचक कालरेषा, फोटोंची कार्डं आणि शेवटी सर्टिफिकेट. तुम्ही दुसरा कुठलाही घेतलात तरी यातलं बरंचसं लागू पडेल असं वाटतं.

आधी माझं सांगते म्हणजे गैरसमज नको. आम्ही विश्वासणारे आहोत. मी संडे स्कूलला कितीतरी वर्षं शिकवतेय आणि मुलांनी बायबल खरोखर घडलेलं म्हणून वाचावं असं मला मनापासून वाटतं, झोपताना ऐकायची गोष्ट म्हणून नाही. यहूदाचा राजा हिज्कीया, त्याचा पूर्वज दावीद राजा, येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात, ही आटपाट नगरातली माणसं नव्हेत. त्यामुळे "बायबल हा खरा इतिहास" हे वाक्य बघूनच मी कोर्स घेतला, आणि जी काही तक्रार खाली केलीय ती त्याच वाक्याची काळजी वाटते म्हणून केलीय.

आता चांगलं काय ते. हिज्कीयाचे तीन धडे, बस्स, या तीन धड्यांसाठी मी या लोकांची आभारी आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदावर (यरुशलेम ज्याची राजधानी ते राज्य) चालून आला ती बायबलच्या २ राजे या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायातली हकीकत आधी मुलांकडून वाचून घेतात, आणि मग सन्हेरीबाने स्वतः लिहून घेतलेली बाजू दाखवतात. मातीचा सहा बाजूंचा खांब आहे, जेमतेम हातभर उंचीचा, सगळीकडे खिळे उमटवल्यासारखी बारीक लिपी, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलाय. त्यात तो म्हणतो की मी ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडून ठेवला. कोंडला म्हणतो, शहर घेतलं असं कुठेच म्हणत नाही! आणि बायबलही तेच सांगतं की शहर पडलं नाही. शत्रूच्याच तोंडून हे ऐकल्यावर मुलीचे डोळे असे मोठे झाले होते, मला अजून आठवतंय.

आणि मग खंडणीचा आकडा आला. बायबलमध्ये तीनशे किक्कार (जुनं वजनाचं मोठं माप) चांदी आणि तीस किक्कार सोनं. सन्हेरीबाच्या लेखात सोनं तीसच आहे पण चांदी आठशे. मुलगा लगेच म्हणाला, "मम्मी मग खोटं कोण बोलतंय?" कोर्समध्ये यावर एक ओळसुद्धा नव्हती, व्हिडिओ "सोन्याचा आकडा तंतोतंत जुळतो" म्हणून पुढे गेला होता. आम्ही व्हिडिओ थांबवला आणि अर्धा तास तिघं त्यावरच बोलत बसलो. राजे स्वतःचा विजय फुगवून सांगतात का, वजनाची मापं वेगळी असतील का, की एकाने आणखी काही वस्तू धरून हिशोब केला असेल. उत्तर मिळालं नाही. पण माझ्या आठ वर्षांच्या पोराने त्या दिवशी दोन साक्षीदारांची जबानी शेजारी शेजारी ठेवून बघितली, इतिहास म्हणजे दुसरं असतं तरी काय.

त्याच्या पुढचा धडा भुयाराचा. यरुशलेमात पाणी आत आणण्यासाठी खडकातून खोदलेलं साधारण ५३३ मीटरचं वळणावळणाचं भुयार आहे, २ राजे २० मध्ये हिज्कीयाने पाणी शहरात आणल्याचा उल्लेख येतो ते बहुतेक अभ्यासक हेच मानतात. आतल्या भिंतीवरचा लेख १८८० मध्ये तिथे पाण्यात उतरलेल्या एका मुलाच्या नजरेस पडला, हे ऐकून आमचे चिरंजीव तर खूशच. लेखात लिहिलंय की दोन टोकांकडून खोदत येणारी माणसं, मध्ये तीनच हात खडक उरला असताना त्यांना पलीकडून एकमेकांची हाक ऐकू आली. त्या रात्री पलंगाखाली चादरी टाकून दोघं दोन बाजूंनी टॉर्च घेऊन सरपटत हाका मारत होते, झोपायला फार उशीर झाला, पण मी काही बोलले नाही. फक्त एक गोष्ट मी माझी जोडली, की त्या लेखात हिज्कीयाचं नाव नाहीये. कोर्स हे सांगत नाही. सांगायला काय हरकत होती कळत नाही, धडा तेवढाच जबरदस्त राहतो की.

बाकी कार्डंही चांगली आहेत. १९९३ ला तेल दान इथे सापडलेला अरामी भाषेतला दगड ज्यावर "दावीदाचं घराणं" असे शब्द आहेत, इस्राएलाच्या शेजारच्या मवाब राज्याच्या मेशा राजाचा दगड जो २ राजे ३ मधल्या बंडाची त्याच्या बाजूची कहाणी सांगतो (त्याचा देव कमोश रागावला होता म्हणून इस्राएलाने मवाबाला छळलं असं तो म्हणतो, हे वाचून मुलांना फार नवल वाटलं, कारण अगदी अशाच भाषेत इस्राएलाबद्दल त्यांनी बायबलच्या शास्ते या पुस्तकात वाचलेलं). आणि १९६१ ला कैसरियात सापडलेला पिलाताच्या नावाचा दगड, तिथल्या थिएटरच्या दुरुस्तीत कोणीतरी नुसती पायरी म्हणून उलटा बसवलेला. फोटो क्लिअर आहेत, जाड कागद आहे, पोरांच्या हातात टिकतो.

लूकचा, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांपैकी एकाचा, धडाही आवडला. लूक ३ च्या सुरुवातीला तो सात माणसांची नावं घेऊन काळ सांगतो, तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, मग पिलात, हेरोद (थोरल्या हेरोद राजाचा मुलगा), फिलिप्प, लुसनिय, हन्ना, कयफा. मुलांना ती सात नावं लिहायला लावतात आणि विचारतात की गोष्ट सांगणारा माणूस असं का करेल. फारच छान प्रश्न. मात्र त्याच लूकच्या दुसऱ्या अध्यायातला रोमी सुभेदार क्विरीनियचा प्रश्न गुपचूप वगळलाय, म्हणजे येशूचा जन्म हेरोदाच्या काळातला आणि क्विरीनियच्या शिरगणतीच्या वेळचा सांगितलाय, पण थोरला हेरोद राजा साधारण इ.स.पू. ४ मध्ये वारला असं धरतात आणि क्विरीनियची जी शिरगणती बाहेरच्या इतिहासातून माहीत आहे ती इ.स. ६ ची, मग मेळ कसा घालायचा. मोठ्या मुलांना हे दाखवायला हवं होतं.

आता जिथे माझे दोन स्टार गेले ते. यरीहो.

यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएल लोकांनी वेढा घातल्यावर यरीहो शहराच्या भिंती कोसळल्या असं बायबल सांगतं. धडा म्हणतो, "यरीहोच्या कोसळलेल्या भिंती सापडल्या, बायबल खरं ठरलं." इतकंच, सोबत पडलेल्या विटांचा फोटो. मुलीने वर्गात मोठ्या अभिमानाने हे सांगितलं. तिच्या वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट आणून दिला, त्यात पुरातत्वज्ञ केनियन यांच्या यरीहोतल्या उत्खननाबद्दल होतं. ती घरी आली, दप्तरसुद्धा न काढता माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाली, "तुला माहीत होतं?" रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

मला माहीत होतं. अर्धवट माहीत होतं पण होतं, आणि धडा चालू असताना मी गप्प बसले होते, कारण मुलं खूश होती.

झालं असं की १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी तिथे खोदलं आणि ढासळलेल्या भिंती यहोशवाच्या काळातल्या असं जाहीर केलं. नंतर १९५२ ते १९५८ कॅथलीन केनियन यांनी जास्त बारकाईने खोदकाम केलं, तेव्हा त्या भिंती कित्येक शतकं आधीच्या निघाल्या, आणि शहराचा मोठा विध्वंस त्यांनी इ.स.पू. १५५० च्या आसपास धरला, म्हणजे यहोशवाचा काळ लवकरचा धरा नाहीतर उशिराचा, त्याच्या आधीच. काही अभ्यासकांनी या तारखेला आव्हान दिलंय, पण बहुतेक पुरातत्ववाले केनियन यांच्याच बाजूने आहेत. हे सगळं मी त्या संध्याकाळी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हिज्कीयाचं तरी खरं होतं का?"

हा प्रश्न मला कोर्स बनवणाऱ्यांच्या कानापर्यंत पोचवायचाय. भक्कम गोष्ट आणि डळमळीत गोष्ट तुम्ही एकाच आवाजात, एकाच खात्रीने मुलाला सांगितली की डळमळीत पडते तेव्हा भक्कमालाही घेऊन पडते, मूल काय तुमच्यासारखी मनात वर्गवारी करून ऐकत नाही. मी ईमेल केला. उत्तर आलं, सभ्य भाषेत होतं, की लहान वयात शंकांची ओळख करून दिली तर विश्वास डळमळतो म्हणून आम्ही वादाचे मुद्दे टाळतो. अहो पण वादाचे मुद्दे टाळले कुठे? वादाचा मुद्दा घेतलात आणि त्यातला वाद तेवढा काढून टाकलात.

असंच कालरेषेचं. पहिली चौकट "सृष्टीची निर्मिती, इ.स.पू. ४००४". हा आकडा बायबलच्या कुठल्याच वचनात नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींतली वर्षं आणि इतर राजांच्या तारखा यांचा मेळ घालून तो काढला आणि १६५० मध्ये छापला. एका माणसाचा हिशोब आहे, मेहनतीचा आहे, पण देवाचं वचन नाही. मुलांना तो वचनासारखा ठळक अक्षरात पाठ करायला लावणं मला अजिबात पटलं नाही. निर्गमच्या (इस्राएल लोक मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर पडले त्या) धड्यातही मिसरच्या मेरेनप्ताह राजाच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या दगडावर इस्राएलाचं नाव आहे ते दाखवलंय, उत्तम, पण निर्गमाचा थेट उल्लेख असलेला मिसरी लेख अजून तरी मिळालेला नाही हे सांगितलं नाही.

आणि अजून एक, मला वाटतं सगळ्यात मूलभूत. बायबलमध्ये सगळंच एका प्रकारचं लिखाण नाही हे कोर्सला जणू माहीतच नाही. शास्ते ९ मध्ये योथाम सांगतो की झाडं स्वतःसाठी राजा शोधायला निघाली, स्तोत्र ११४ मध्ये डोंगर मेंढ्यांसारखे उड्या मारतात. हे खोटं आहे का? नाही. मग ही बातमी आहे का? तेही नाही. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत, म्हणजे येशूने शिकवण्यासाठी सांगितलेली गोष्ट, या लोकांनी "यरीहोच्या रस्त्यावरची घटना" म्हणून कालरेषेवर चिकटवायला दिलाय. मुलाने विचारलं त्या शोमरोन्याचं नाव काय होतं. प्रभूने दृष्टांत सांगितला, त्याचं खरेपण कशात आहे हे समजावण्याची इतकी सुंदर जागा होती ती, आणि कोर्सने तिथे स्टिकर दिला.

शेवटच्या क्विझमध्ये प्रश्न, "बायबल खरं आहे हे कोणी सिद्ध केलं?" बरोबर उत्तर, पुरातत्वशास्त्राने. मुलीने ते रिकामं सोडलं, एक मार्क गेला, मी तिला काही म्हटलं नाही. पिलात नावाचा अधिकारी होता हे दगड सांगेल. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी का होती हे दगड कसं सांगणार? त्याच्यासाठी साक्ष आहे. प्रेषित पौल १ करिंथ या पत्राच्या १५ व्या अध्यायात साक्षीदारांची यादीच देतो आणि म्हणतो की पाचशेहून जास्त जणांना प्रभू एकाच वेळी दिसला, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, आणि हे पत्र वधस्तंभानंतर साधारण २०-२५ वर्षांत लिहिलेलं. म्हणजे वाचणाऱ्याला तो जाऊन विचारायची मोकळीक देतोय. मी मुलांना हेच शिकवते, आणि त्याच अध्यायात पौल स्वतः म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ. इतकं स्पष्ट तो बोलू शकतो तर आपण मुलांपासून यरीहो कशाला लपवायचं?

तर घ्यायचा का? माझं मत, घ्या, पण मुलांना एकटं समोर बसवून देऊ नका, प्रत्येक धडा आधी स्वतः बघा. राजांचे धडे, कार्डं आणि लूक बिनधास्त करा. यरीहो आणि निर्गम स्वतः वाचून, दोन्ही बाजू सांगून करा. कालरेषेवरची पहिली चौकट आम्ही कापून टाकली. दृष्टांतांचे स्टिकर वेगळ्या कागदावर लावले आणि वर "प्रभूने सांगितलेल्या गोष्टी" असं मुलाने लिहिलं. १० वर्षांच्या खालच्या मुलांना वर्कबुक जड जातं, लिहायचं फार आहे, तोंडी घ्या.

मुलीने यरीहोच्या चौकटीवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय आणि हिज्कीयाच्या चौकटीखाली स्वतःहून दोन ओळी जास्तीच्या लिहिल्यात, आठशे आणि तीनशे दोन्ही आकडे. आता ती मला पाळकांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून दे म्हणून मागे लागलीये, आजच्या तारखेला नऊ झालेत.