एफटीसीचा एक हंगाम : मुले नेमके काय शिकतात आणि रोबो कुठे अडतो

'फर्स्ट टेक चॅलेंज', म्हणजेच एफटीसी, ही १२ ते १८ वर्षांच्या मुलांची सांघिक रोबोटिक्स स्पर्धा. आमचे मत आधीच सांगतो : यंत्ररचना, वायरिंग आणि प्रोग्रॅमिंग ही तिन्ही कामे एकत्र शिकायची असतील, तर शाळकरी वयासाठी याहून चांगली सोय आमच्या पाहण्यात नाही. अट एकच, पाना आणि कीबोर्ड मुलांच्याच हातात राहायला हवा.

डीन केमन यांनी १९८९ साली सुरू केलेल्या 'फर्स्ट' संस्थेचा हा मधला टप्पा आहे. धाकट्यांसाठी लेगोच्या विटांवर चालणारी लीग आहे, तर मोठ्यांसाठी तिघा-तिघांच्या आघाड्यांत खेळली जाणारी, कितीतरी अवजड रोबोंची स्पर्धा आहे. लेगोत धातू कापावा लागत नाही. मोठ्या स्पर्धेत जागा, यंत्रे आणि माणसे इतकी लागतात की नव्या संघाची पहिल्याच वर्षी दमछाक होते. एफटीसीचा रोबो मात्र टेबलावर मावतो आणि तरीही त्यात सगळे खरे प्रश्न येतात.

खेळ दर हंगामाला नवा. तो सप्टेंबरमध्ये जाहीर होतो. ३६ फोम फरशांचे १२ बाय १२ फुटांचे मैदान, एका बाजूला दोन संघ आणि समोर दोन. पहिले ३० सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, पुढची दोन मिनिटे मुले गेमपॅडवर चालवतात. सुरुवातीला रोबो १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे, मोटर आठांहून जास्त नकोत, आणि सगळी वीज १२ व्होल्टच्या, ३००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या एकाच बॅटरीतून, २० अँपिअरच्या फ्यूजमधून यायला हवी.

आमच्या मते या कार्यक्रमातला सर्वांत चांगला शिक्षक हा फ्यूजच आहे. ३१२ आरपीएमची (मिनिटाला ३१२ फेऱ्यांची) नेहमीची गिअर मोटर पूर्ण अडली की सुमारे ९ अँपिअर ओढते. रोबो भिंतीला टेकलेला असताना चालकाने स्टिक पुढेच दाबून धरली, तर चार चाकांच्या चार मोटर मिळून ३६ अँपिअर मागतात. फ्यूज लगेच उडेलच असे नाही. त्याआधी बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, कंट्रोल हब, म्हणजे रोबोवरचा संगणक, रीस्टार्ट होतो आणि रोबो जागच्या जागी थिजतो. मुलांना वाटते कोड बिघडला, म्हणून ती दोन तास कोड चाळत बसतात. असे झाले की पहिल्यांदा ड्रायव्हर स्टेशनवरचा (चालकाजवळच्या पडद्यावरचा) व्होल्टेजचा आकडा बघायला शिकवा. प्रत्येक बॅटरीवर मार्करने क्रमांक टाका आणि सामन्यापूर्वीचा व्होल्टेज वहीत लिहा. नुकतीच चार्ज झालेली बॅटरी १३ व्होल्टच्या वर असते. १२.५ च्या खाली आलेली मैदानात नेऊ नका. दोन-तीन आठवडे नोंदी ठेवल्या की कोणती बॅटरी म्हातारी झाली आहे ते वहीच सांगते.

सुरुवातीला बहुतेक संघ मेकॅनम, म्हणजे घेरावर तिरके रोलर असलेली, चाके निवडतात, कारण त्यांवर रोबो आडवाही सरकतो. निवड योग्य आहे, पण चाकांना डावी-उजवी बाजू असते. वरून पाहिले की चारही चाकांच्या रोलरच्या रेषा मिळून फुली दिसली पाहिजे. फुलीऐवजी चौकट दिसली, तर रोबो पुढे जातो, आडवाही जातो, पण वळायला सांगितले की अडखळतो. मग पुन्हा कोडवर संशय. कोडमधली नेहमीची चूक वेगळीच असते. पुढे जाणे, आडवे सरकणे आणि वळणे यांची बेरीज एखाद्या चाकासाठी १ च्या, म्हणजे पूर्ण जोराच्या, वर जाते. जास्तीचा भाग नुसता छाटला, तर रोबो सांगितलेली दिशा सोडून तिरका पळतो. चारही आकड्यांना त्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याने भागायचे, म्हणजे वेग कमी होतो पण दिशा तीच राहते. भागाकाराचा इतका रोखठोक उपयोग वर्गातल्या फळ्यावर क्वचितच दिसतो.

वर बसवायच्या यंत्रणेत मुलांना पहिल्यांदा लांब हात सुचतो, आणि हमखास फसतो. ४० सेंटिमीटरच्या हाताच्या टोकाला १ किलोचा पंजा लावला, तर सांध्यावर ४० किलो-सेंटिमीटर जोर हवा. वर सांगितलेल्या मोटरचा अडल्यावरचा जोरच २४ च्या आसपास असतो. हे गणित कागदावर दोन मिनिटांत होते, ते न केल्यास दोन आठवडे जातात. उपाय तीन : आणखी गिअर लावून वेग कमी करणे, हाताला स्प्रिंग किंवा रबराचा आधार देणे, किंवा हात सोडून सरकत्या पट्ट्या घेणे. सरकत्या पट्ट्यांत दोरी ढिली पडली की ती स्पूलवरून उडून शाफ्टला गुंडाळते, म्हणून उतरतानाही ती ताणलेली राहील अशी दुसरी, उलट ओढणारी दोरी हवीच. सर्वोला (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या छोट्या मोटरला) शेवटच्या टोकावर दाबून उभा ठेवला की तो तापून जळतो. धडक बसली की त्याचे दाते तुटतात. हॉर्न (सर्वोवर बसणारी पट्टी) आणि शाफ्टवर रंगाची एकच रेघ मारून ठेवली, तर नवा सर्वो बसवल्यावर कोन शोधत बसावे लागत नाही.

वायरिंगकडे मात्र बहुतेक संघ शेवटी बघतात, आणि मैदानात थिजलेल्या रोबोंमागे बहुधा तेच असते. बॅटरीपासून हबपर्यंतचे एक्सटी-३० कनेक्टर सारखे काढून-घालून ढिले होतात आणि धक्का बसला की क्षणभर सुटतात. मोटरच्या फेऱ्या मोजणाऱ्या एन्कोडरची बारीक चार तारांची वायर ओढली गेली, तर मोटर फिरते पण आकडा शून्यच राहतो. अशा वेळी 'अमुक अंतर जा' म्हटलेला रोबो थांबतच नाही. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, कनेक्टरच्या जवळच झिप टाय लावून ताण काढून घ्या, आणि हलत्या सांध्यापाशी थोडी वायर सैल सोडा. दुसरा शत्रू स्थिर वीज. फोमवर चाके घासून रोबोवर भार साठतो, धातूला स्पर्श होताच ठिणगी पडते आणि हबचा सेन्सर किंवा कॅमेरा गप्प होतो. यावर फ्रेमला रोधक असलेली मान्यताप्राप्त ग्राउंडिंग वायरच जोडायची. फ्रेमला थेट ऋण तार जोडणे नियमात बसत नाही.

कंट्रोल हबवर मोटरसाठी चारच जागा असतात. पाचवी मोटर लागली की एक्स्पान्शन हब घ्यावा लागतो, म्हणजे आणखी एक वीजजोड आणि आणखी एक संपर्कवायर. पहिल्या वर्षी चाकांच्या चार मोटरच्या पुढे शक्यतो सर्वोंवरच भागवावे, असे आम्ही सुचवू.

प्रोग्रॅमिंगचे तीन रस्ते आहेत : ठोकळे जोडून लिहायचे ब्लॉक्स, ब्राउझरमध्ये चालणारे ऑनबॉट जावा आणि अँड्रॉइड स्टुडिओ. ब्लॉक्सवर दोन-तीन आठवडे काढून जावाकडे वळणे बरे. ऑनबॉटचा कोड हबमध्येच राहतो, तेव्हा रोज संध्याकाळी तो उतरवून ठेवा. हब बदलावा लागला की हंगामाचे कष्ट त्याच्याबरोबर जातात.

३० सेकंदांच्या स्वयंचलित भागात गणिताला धार येते. ९६ मिलिमीटरच्या चाकाचा परीघ ३०१.६ मिलिमीटर, आणि ३१२ आरपीएम मोटरच्या एका फेरीत एन्कोडर मोजतो ते ५३७.७ टिक. एक फरशी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. ती पार करायला १०८७ टिक लागतात. मुले हे स्वतः काढतात, रोबो सोडतात, आणि तो फरशीच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर चुकतो. चाक घसरलेले असते. पहिला वेग एकदम दिला की घसरण वाढते, तो हळूहळू चढवला की कमी होते. पुढे दिशेसाठी हबमधला आयएमयू (वळण मोजणारा सेन्सर), अंतरासाठी जमिनीवर मोकळी फिरणारी वेगळी मापनचाके, आणि जागा पक्की करण्यासाठी कॅमेऱ्याने एप्रिलटॅग (मैदानावरच्या चौकोनी खुणा) वाचणे, या क्रमाने जावे. तिन्ही एकदम लावले, तर चूक कुठे आहे ते कळत नाही.

व्हेक्स व्ही-५ या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धेच्या संचाशी तुलना होतेच. तिथली ११ वॉटची मोटर आतले कार्ट्रिज बदलून १००, २०० किंवा ६०० आरपीएमची होते, भाग एकाच घराण्यातले असतात, आणि रोबो लवकर उभा राहतो. मार्गदर्शकाला धातुकामाची सवय नसेल तर व्हेक्स सोयीचे. एफटीसीत कच्चा अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिकचे पत्रे, थ्रीडी प्रिंट असे बरेच काही चालते, त्यामुळे निवड करण्याची जबाबदारीही मुलांवर येते. मोजायचे, कापायचे, चुकले की पुन्हा कापायचे, या कामाने हाताला जे वळण लागते ते तयार भागांनी लागत नाही.

उणिवाही आहेत. संघात १५ मुले घेता येतात, पण सामन्यात गेमपॅड दोघांच्याच हातात असतो आणि एका लॅपटॉपवर एकच मूल टाइप करते. १५ जणांच्या संघात निम्मी मुले बघत उभी राहतात. सात-आठ जण पुरेत, आणि दर तीन आठवड्यांनी कामे बदलावीत. दुसरी उणीव मोठ्यांची. सामन्याला चार दिवस उरले की मार्गदर्शक स्वतःच स्क्रू आवळायला बसतात. त्या रोबोचे मुलांना काहीच सांगता येत नाही, आणि परीक्षकांच्या खोलीत ते पहिल्या दोन प्रश्नांतच उघडे पडते.

ही परीक्षकांची खोली आम्हाला सामन्यांइतकीच महत्त्वाची वाटते. मुखपृष्ठ सोडून जास्तीत जास्त १५ पानांची अभियांत्रिकी पुस्तिका देता येते आणि मुले मोठ्यांच्या मदतीशिवाय आपले काम मांडतात. पुस्तिकेत नुसती चकाचक छायाचित्रे भरू नका. न चाललेला पंजा, तो का चालला नाही याचे माप, आणि बदलल्यावर दहापैकी किती वेळा वस्तू पकडली गेली तो आकडा, एवढे एका पानावर आले तरी मुलांकडे बोलायला भरपूर असते. त्यासाठी जुना पंजा मोडून त्याचे स्क्रू नव्याला वापरू नका. डब्यात ठेवा आणि खोलीत जाताना सोबत न्या.