जुन्या व्हिडिओ गेमसाठी ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो: चार महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीतले बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे कार्यालयांनी काढून टाकलेले चांगले छोटे संगणक आज सेकंडहँड बाजारात मिळतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो हा त्यांपैकीच एक. आय-५ ७५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला हा संगणक मी लॅमिंग्टन रोडवरून ११,५०० रुपयांना घेतला. विंडोज काढून त्यावर बाटोसेरा ही खेळांसाठीच बनवलेली, लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली घातली.

घरी आणून सुरू करताच पडद्यावर इशारा आला, की अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही. दुकानदाराने मूळ अडॅप्टरऐवजी कुठला तरी दुसराच दिला होता. डेलच्या अडॅप्टरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, तिच्याद्वारे संगणकाला अडॅप्टरची ओळख पटते. ती पटली नाही, तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणला जातो. कॉन्ट्रा हा जुना ८-बिट खेळ तेवढ्यावरही चालला, पण प्लेस्टेशन २ चा प्रत्येक खेळ रखडत होता आणि दोन दिवस मी एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्येच चूक शोधत बसलो. ६५ वॉटचा मूळ अडॅप्टर लावल्यावर दोष गेला. दुकानातच संगणक सुरू करून पाहण्याचा आग्रह ग्राहकाने धरायलाच हवा.

दुसरी सुधारणा रॅमची. यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधले एचडी ग्राफिक्स ६३० मुख्य रॅमच वापरते. मला ८ जीबीची एकच पट्टी मिळाली होती, म्हणजे रॅमचा एकच मार्ग वापरात होता. तशीच दुसरी पट्टी शेजारच्या खाचेत बसवल्यावर प्लेस्टेशन २ आणि निन्टेंडोच्या गेमक्यूब या यंत्राच्या खेळांतला फरक नुसत्या डोळ्यांनी जाणवला. एवढा परिणाम देणारा याहून स्वस्त बदल मला तरी माहीत नाही.

८-बिट, १६-बिट आणि पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ हा संगणक सहज पेलतो. ग्रॅन टुरिस्मो ४ मूळ रिझोल्यूशनवर समाधानकारक चालतो, मात्र गॉड ऑफ वॉर २ सारख्या जड खेळांत गर्दीच्या प्रसंगी वेग पडतो. तेच खेळ मुख्यतः खेळायचे असतील, त्यांनी हे यंत्र घेऊ नये. मारिओची उडी बटण दाबल्यावर किंचित उशिरा पडते असे वाटत होते. त्याचे कारण टीव्हीच्या चित्रप्रक्रियेत होते आणि टीव्हीचा गेम मोड लावताच ती उडी बोटाबरोबर पडू लागली.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. भारतात विकल्या गेलेल्या प्लेस्टेशन २ च्या डिस्क पाल पद्धतीच्या, म्हणजे अनेकदा सेकंदाला ५० चित्रांच्या असतात, तर साधारण मॉनिटर ६० वर चालतो. त्यामुळे पार्श्वभूमी सरकताना बारीक झटके बसतात. अनेक खेळ सुरू होताना ६० हर्ट्झचा पर्याय देतात, तो निवडावा. नसेल तर ५० हर्ट्झ स्वीकारणारा टीव्ही जोडावा.

खेळ आणि बायोस (एम्युलेटरला लागणारे प्लेस्टेशनचे मूळ अंतर्गत सॉफ्टवेअर) मी घरच्या प्लेस्टेशनवरून व डिस्कवरूनच उतरवून घेतले. या संगणकात डिस्क ड्राइव्ह नाही, पण यूएसबीला जोडायचा साधा डीव्हीडी रायटर प्लेस्टेशन २ च्या डिस्क व्यवस्थित वाचतो. भावाच्या कपाटातल्या २६ डिस्कपैकी २३ पूर्ण उतरल्या. उरलेल्या तिघींवर खोल ओरखडे आहेत, आणि त्यांतली एक आम्ही दोघांनी सर्वांत जास्त खेळलेली आहे.