वेदीमागच्या मावश्या: साडेचार स्टार, अर्धा का कापला ते शेवटी

चर्चबद्दल कोणी लिहायला बसलं की प्रवचन कसं होतं, क्वायर कशी गाते, बसायला जागा मिळते का, एवढ्यावरच गाडी थांबते. मी वेदीच्या मागच्या त्या छोट्या खोलीबद्दल लिहितेय, कारण अख्ख्या चर्चमध्ये सगळ्यात भरवशाची सर्व्हिस तिथल्या बायकांची आहे आणि त्याचा रिव्ह्यू कुठेच नसतो.

आधी कपडे बघा. मिस्सात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटायच्या उपासनेत, चषक पुसायला जो लिननचा छोटा रुमाल असतो ना, त्यावर वाईनचे डाग तर पडतातच, वर लिपस्टिकचेही पडतात (हो, वेदीच्या कापडावर लिपस्टिक, आणि ती कोणाची हे मावश्यांना बरोब्बर माहीत असतं पण बोलणार नाहीत). ते सरळ मशीनमध्ये ढकलत नाहीत. आधी साध्या पाण्यात भिजवायचं आणि ते पहिलं पाणी गटारात न सोडता मातीत ओतायचं, कारण त्यात पवित्र द्राक्षारसाचा अंश असू शकतो, मग धुणं, मग ओलसर असतानाच इस्त्री. चषकाखाली अंथरायच्या चौकोनी कापडाची घडी तर बघण्यासारखी असते, तीन भाग उभे, तीन आडवे, उघडलं की नऊ चौकोन, आणि घडी कायम आतल्या बाजूला, म्हणजे भाकरीचा बारीकसा कण राहिला असेल तरी तो बाहेर सांडत नाही. समोर बसलेल्या आपल्याला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

फुलांचंही तसंच. लिली फुलदाणीत जायच्या आधी मावशी एकेका फुलातले केशरी परागकोश बोटांनी खुडून टाकते, नाहीतर त्यातले परागकण पांढऱ्या कापडावर पडतात आणि कोणीतरी हुशार माणूस ओलं फडकं घेऊन पुसायला जातो, की संपलंच. चिकटपट्टीने अलगद उचलायचे असतात ते. मेण सांडलं तर आधी घट्ट होऊ द्यायचं, खरवडायचं, मग कागद ठेवून वरून कोमट इस्त्री. झाडलोट, चहाची भांडी, आजाऱ्यांना भेटून येणं हे वेगळंच.

नाराजी आहे ती आमच्या कमिटीवर. वार्षिक अहवालात रंगकामाला अख्खं पान आणि या बायकांना 'महिलांचे सहकार्य लाभले' ही एक ओळ! बायबलमध्ये बघा, प्रेषितांची कृत्ये अध्याय 9, यापोची टबीथा म्हणजे दुर्कस वारते तेव्हा विधवा रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, तिने शिवलेले अंगरखे काढून दाखवतात, म्हणजे तिचं काम हातात धरून दाखवलंय त्यांनी. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात प्रेषित पौल फीबी नावाच्या बाईपासून सुरुवात करून राबणाऱ्या बायकांची नावं घेत जातो. आणि आम्हाला चार नावं टाईप करायला जड जातात.

आता अर्धा स्टार. मावश्या इस्त्रीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. सगळी माहिती त्यांच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही, गुडघे कुरकुरतायत तरी 'राहू दे गं, मीच करते' सुरूच. तरुण पोरी येत नाहीत म्हणून ओरडतात आणि एखादी आलीच तर तिची घडी उलगडून तिच्यासमोरच परत घालतात, मग ती कशाला येईल पुढच्या वेळी?

तरी कोणाला खरंच शिकायचं असेल तर रविवारच्या आदल्या दिवशी जा, गर्दी नसते. गेल्या गेल्या इस्त्री मागू नका, मेणबत्त्यांच्या स्टँडवरचं मेण खरवडायला बसा, तेवढ्यात त्या स्वतःच बोलायला लागतात.