टेक्सासात मतदार नोंदणी: कॉलिन, हिडाल्गो की लॅनो?

टेक्सासात मतदार नोंदणीचे फॉर्म गोळा करायचे तर आधी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ठरवावी लागते. स्वयंसेवक अमेरिकी नागरिक हवा, त्याची नेमणूक त्या-त्या काउंटीपुरतीच असते आणि सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला ती संपते. काउंट्या आहेत २५४. २०२० च्या जनगणनेत हॅरिस काउंटीत ४७ लाखांवर माणसं निघाली, लव्हिंगमध्ये ६४! पण नुसती डोकी मोजून काही कळत नाही. बघायचा आकडा एकच: १८ पूर्ण झालेले नागरिक किती.

कॉलिन (सुमारे १०.६ लाख वस्ती) आपल्या लोकांच्या ओळखीची, प्लेनो, फ्रिस्को इथलंच. फ्रिस्कोतलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, दोन मुलं इथेच जन्मलेली, शाळेत जाणारी. जनगणनेत माणसं चार, नागरिक दोन, मतदार शून्य. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग किती लांब आहे ते सांगायला नको. कार्ड हातात पडल्यावरही नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं थांबायचं. म्हणून कॉलिनमध्ये दारोदार फिरण्यापेक्षा नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतलेल्यांना गाठा.

हिडाल्गो (सुमारे ८.७ लाख) मेक्सिकोच्या सीमेवर. इथेही आकडा घसरतो, आणि त्यामागे नागरिक नसलेल्यांइतकंच वयही आहे. वस्तीचा जवळपास तिसरा हिस्सा अठराच्या आतला, त्यातली बरीच मुलं जन्मानेच नागरिक. टेक्सासात १७ वर्षं १० महिने झाले की फॉर्म भरता येतो. म्हणजे दरवर्षी नवं पीक तयार! स्पॅनिश येत असेल तर माझं मत बिनदिक्कत हिडाल्गोला.

लॅनोत जेमतेम २१ हजार माणसं. निवृत्तांचा भरणा असल्यामुळे दर शंभरात मतदानायोग्य नागरिक भरपूर, पण या वयाच्या माणसांची नावं सहसा आधीच यादीत असतात. तिथे शनिवार घालवू नका.

१८ वरच्या नागरिकांच्या या आकड्याची खोड मात्र लक्षात ठेवा. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे हा आकडा पाच वर्षांच्या नमुना पाहणीतून काढतात. हिडाल्गोसाठी तो भरवशाचा, लव्हिंगसाठी अंदाजपंचे. शिवाय वॉकर काउंटीसारख्या ठिकाणी हंट्सव्हिलच्या तुरुंगांतले कैदीही त्यात मोजले जातात. गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्याला टेक्सासात मत नाही, तरी आकड्यात तो असतोच.

कॉलिन घेतलीत तर फॉर्म हातात घेण्याआधी पत्ता विचारा. फ्रिस्कोचा बराच भाग डेंटन काउंटीत आहे. तिथली नेमणूक वेगळी घ्यावी लागते. आणि भरलेले फॉर्म पाच दिवसांच्या आत जमा करायचे, गाडीच्या डिकीत राहू द्यायचे नाहीत.