रुबिनस्टाइनचे शोपँ नॉक्टर्न्स: तीनपैकी कुठला सेट घ्यायचा

कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं, रुबिनस्टाइनचा १९६५चा स्टिरिओ सेट घे. मी पण तोच घेतला होता आणि कितीतरी वर्षं दुसरीकडे वळलेच नाही, आता तिन्ही सेट शांतपणे ऐकून झालेत आणि मत पार बदललंय म्हणून लिहितेय.

पियानिस्ट आर्थर रुबिनस्टाइनने संगीतकार शोपँचे हे १९ नॉक्टर्न्स, म्हणजे रात्रीच्या शांत मूडच्या छोट्या पियानो रचना, तीनदा रेकॉर्ड केले. पहिल्यांदा १९३६-३७ला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, ७८ आरपीएमच्या तबकड्यांसाठी, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं. मग १९४९-५०ला आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी मोनोमध्ये, आणि शेवटी रोममध्ये, बहुतेक सगळे १९६५ला, तेव्हा त्याचं वय होतं ७८!

६५मध्ये पियानोचा आवाज काय भरदार आलाय, खालचे सूर अगदी छातीत घुमतात. वाजवणं संथ, कुठेही लाडीकपणा नाही. ओपस (म्हणजे रचनांचा प्रकाशन क्रमांक) ४८चा पहिला, सी मायनरवाला, मी तरी यातलाच ऐकेन, कारण मधलं सी मेजरचं कोराल, म्हणजे स्तोत्रासारखा भाग, किती हळू उलगडतं आणि मग ऑक्टेव्ह्जचा, म्हणजे सप्तकाच्या अंतरावरच्या जोडसुरांचा, लोंढा आत घुसून मूळ चाल दुप्पट वेगात परत येते, हा सगळा चढ जुन्या रेकॉर्डिंगमध्ये दबून जातो.

पण ३६-३७चा सेट लावला की वेगळाच माणूस भेटतो. खरखर आहे, भरपूर आहे, दहा मिनिटांत कान सरावतो. ओपस ९चा दुसरा, तो ई फ्लॅटवाला, सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलाय की आता काय नवीन असणार असं वाटतं, आणि इथे उजवा हात जरासा मागे रेंगाळतो, मग हळूच येऊन डाव्याला गाठतो, जसा चांगला गवई ठेक्याच्या मागेपुढे राहून नेमका समेवर येतो ना तसा. शोपँ शिष्यांना हेच सांगायचा, डाव्या हाताने लय धरायची, उजव्याने मोकळं गायचं. त्याला इटालियन संगीतकार बेल्लीनीच्या ऑपेराचं वेड होतं आणि ते गाणं मला ६५पेक्षा इथे जास्त ऐकू येतं. ओपस २७चा दुसरा तर ऐकाच, उजव्या हातात दोन आवाज जोडीने गातात तिथे मी दर वेळी हातातलं काम थांबवते.

१९४९-५०चा सेट चांगला आहे पण मी फारसा लावत नाही, आवाज कोरडा वाटतो.

जुना सेट घेताना एक बघा, काही रीमास्टरिंगमध्ये (जुनं रेकॉर्डिंग साफ करून काढलेल्या आवृत्त्यांत) खरखर इतकी पुसलीय की पियानोची चमकच गेलीय, त्यापेक्षा खरखरवालं घ्या. आणि तो प्रसिद्ध सी शार्प मायनर, शोपँ गेल्यावर छापलेला, या तिन्ही सेटमध्ये नाहीये, त्यासाठी दुसरा पियानिस्ट शोधावा लागेल.