लाथ नीट बसते, घ्याच!

ठाण्यात गोखले रोडलगतच्या गल्लीतल्या दुकानातून टीव्ही गेम घेतला, तो फक्त कॅसेटमधल्या 'कुंग फू' या मारामारीच्या गेमसाठी. मूळ गेम १९८४ चा, नाणं टाकून खेळायच्या आर्केड मशीनवरचा, आयरेम या जपानी कंपनीचा. तो बनवणारे ताकाशी निशियामा पुढे १९८७ मध्ये 'स्ट्रीट फायटर' घेऊन आले, आणि त्याचं बीज इथेच दिसतं.

गेममध्ये शत्रूंशी लढत पाच मजले पार करायचे, आणि सगळी मजा लाथेत! लाथ ठोशापेक्षा लांब पोचते, पण गुण ठोशाला जास्त. म्हणजे जीव सांभाळायचा की स्कोअर, हे प्रत्येक माणूस अंगावर येताना ठरवायचं. बुटक्यांना खाली बसूनच हाणावं लागतं. सुरी वरून आली तर बसायचं, खालून आली तर उडी. मिठी मारणारे चिकटले की डावं-उजवं जोरात दाबून सुटायचं, नाहीतर ताकद भराभर उतरते.

रिमोटचं बटण दाबलं की लाथ लगेच निघते, अजिबात अडकत नाही. वायर मात्र आखूड आहे, सोफ्यावर बसून जमत नाही. दुकानातल्या काकांनी टीव्हीला जोडून पहिला मजला स्वतः पार करून दाखवला, तेव्हाच मी पैसे काढले. बाकीचे गेम भाचीने लावून पाहिले, ठीक आहेत.

घरी पातळ टीव्ही असेल तर मागे पिवळी-पांढरी पिन लागते का, ते आधी बघून जा.